विश्लेषण : टॉन्सिलमधील खडे बहुधा निरुपद्रवी, मग तपासणी कधी गरजेची?

कोल्हापूर : रोज दोनदा दात घासूनही तोंडाला वास येतो आणि खाकरताना कधी तरी तांदळाच्या कणीएवढा पिवळट खडा बाहेर पडतो. अनेक जण घाबरतात, काही जण मोबाइलवरचे व्हिडीओ पाहून पिनेने तो टोकरू लागतात. बहुतेक वेळा या दोन्हींची गरज नसते.

खडे होतात कसे?
घशाच्या दोन्ही बाजूंना असलेल्या टॉन्सिलवर खोलगट खाचा असतात. त्यांत अन्नकण, मृत पेशी आणि जिवाणू साचतात. त्यावर कॅल्शियमचे क्षार जमले की खडा तयार होतो. जिवाणूंमुळे गंधकयुक्त वायू सुटतात. वास येतो तो त्यामुळे. मूतखड्याशी याचा संबंध नाही.

घरी काय करावे?
जेवणानंतर खळखळून चूळ भरावी, जीभ साफ करावी, पुरेसे पाणी प्यावे. पेलाभर कोमट पाण्यात अर्धा चमचा मीठ घालून गुळण्या केल्यास लहान खडे सुटतात. पिन, काडी, चिमटा वापरू नये. टॉन्सिलला रक्तपुरवठा भरपूर असतो; जखम झाल्यास रक्तस्राव होऊ शकतो. प्रतिजैविकांनी खडा विरघळत नाही. त्रास वारंवार होत असेल, तरच टॉन्सिल काढण्याचा विचार होतो.

दुर्लक्ष कधी नको?
राज्यात २०१२ पासून गुटख्यावर बंदी आहे. पण तंबाखू-चुना आणि मशेरीची सवय सुटलेली नाही. निपाणीची तंबाखू बाजारपेठही कोल्हापूरच्या शेजारीच. तंबाखू खाणाऱ्यांनी घशातील प्रत्येक बदल ‘खडाच असेल’ म्हणून सोडून देणे धोक्याचे ठरते. एकच टॉन्सिल मोठा होणे, न भरणारी जखम, मानेत गाठ, गिळताना वेदना, एका बाजूचा कान दुखत राहणे, थुंकीतून रक्त ही कर्करोगाचीही लक्षणे असू शकतात. सुरुवातीला कर्करोगाची गाठ दुखतेच असे नाही, त्यामुळे ‘दुखत नाही’ हा दिलासा पुरेसा नाही.

तपासणी कुठे?
अशी लक्षणे दोन-तीन आठवडे टिकल्यास कान-नाक-घसा तज्ज्ञांना दाखवावे. थुंकीतून रक्त येत असल्यास मात्र थांबू नये. कोल्हापुरात छत्रपती प्रमिलाराजे (सीपीआर) रुग्णालयात हा विभाग आहे. तंबाखूची सवय असल्यास ती डॉक्टरांपासून लपवू नये. निदानासाठी ती माहिती महत्त्वाची असते.