तुरुंगाच्या दवाखान्यात बेडपॅन कोण उचलतं?

३ ऑक्टोबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सुकन्या शांता खटल्यात, कैद्यांना जात पाहून कामं वाटणारे तुरुंगांचे नियम घटनाबाह्य ठरवले. नोंदवहीतला जातीचा रकानाही काढायला सांगितला. आपण आनंद केला, तो योग्यच होता. पण मी नर्स आहे. माझं लक्ष तुरुंगाच्या दवाखान्यावर अडतं.

अंथरुणाला खिळलेल्या माणसाला दर दोन तासांनी कूस बदलून द्यावी लागते, नाहीतर पाठीला जखमा होतात. मधुमेह्याच्या पायाची जखम रोज पाहावी लागते. बेडपॅन द्यायचं, उचलायचं, अंग पुसायचं. बीएस्सी नर्सिंगला आम्ही चार वर्षं हेच शिकतो. जिथे नर्स नसते, तिथे हे काम एखाद्या कैद्याच्या गळ्यात पडतं. कोणत्या? नियम पुसला म्हणून सवय पुसली जात नाही. रकाना गेला तरी आडनाव राहतं. म्हणून तुरुंगात प्रशिक्षित नर्सची जागा भरा, ही मागणी नुसती आरोग्याची नाही. ती जातिअंताचीही आहे.

नर्सिंगच्या नोंदीला किंमत नसली की काय होतं? पार्किन्सनमुळे हात थरथरणारे ८३ वर्षांचे फादर स्टॅन स्वामी तळोजा तुरुंगात होते. पाणी प्यायला स्ट्रॉ आणि सिपर मिळावा म्हणून त्यांना नोव्हेंबर २०२० मध्ये न्यायालयात अर्ज करावा लागला. तपास यंत्रणेने उत्तरासाठी २० दिवस मागितले. रुग्णाला पेला धरता येतो का, हे नर्स पहिल्याच दिवशी पाहते आणि लिहून ठेवते. त्यासाठी न्यायाधीश लागायला नको.

कोणी म्हणेल, बाहेर गरिबाला नर्स मिळत नाही, कैद्यांचे कसले लाड? पण बाहेरचा गरीब निदान दुसरा दवाखाना गाठू शकतो. कैद्याच्या दाराला सरकारचं कुलूप आहे, म्हणून जबाबदारीही सरकारची. आणि आत आहे कोण? २०२२ च्या सरकारी आकडेवारीनुसार ५,७३,२२० कैद्यांपैकी चारात तीन कच्चे कैदी आहेत, म्हणजे गुन्हा सिद्ध न झालेले. त्यांच्यात दलित, आदिवासी, मुस्लिमांचा वाटा लोकसंख्येतल्या वाट्याहून जास्त आहे. ती आपलीच माणसं आहेत.

कैद्याला बाहेरच्याइतकाच उपचार मिळावा आणि उपचाराचा निर्णय तुरुंग अधिकाऱ्याने फिरवू नये, असं संयुक्त राष्ट्रांचे २०१५ चे मंडेला नियम सांगतात. तुरुंग हा राज्यांचा विषय आहे, त्यामुळे दाद राज्य सरकारकडेच मागायची.

घरातली पहिली पदवी हातात असलेल्या आपल्याला अर्ज लिहिता येतो. आपल्या जिल्ह्याच्या तुरुंगाला माहिती अधिकारात तीन प्रश्न विचारा: नर्सच्या मंजूर जागा किती, भरलेल्या किती, आणि दवाखान्याची सफाई कोण करतं? तिसऱ्याचं उत्तर नीट वाचा. न्यायालयाचा निकाल आतपर्यंत पोहोचला की नाही, ते तिथेच कळेल.