उंच फळीपर्यंत पोहोचणारा हात

उंच फळीवरची वस्तू जमिनीवर उभे राहून काढण्यासाठी लांब काठीच्या टोकाला चिमटा बसवायचा, ही कल्पना ऐकायला सोपी आहे. पण खरी अडचण पोहोचण्याची नसून धरण्याची असते. आठ फुटी काठी कोणीही वर नेईल. तिच्या टोकाने वस्तू पकडणे, ओढून काढणे आणि न पाडता हाती आणणे ही तिन्ही कामे एकाच अवजाराकडून करून घेणे अवघड. बेंजामिन फ्रँकलिन यांनी जानेवारी १७८६ मध्ये याचे जे उत्तर लिहून ठेवले, त्याहून सोपे उत्तर आजही सापडत नाही.

त्या महिन्यात फ्रँकलिन ऐंशी वर्षांचे झाले. आदल्याच वर्षी ते फ्रान्सहून फिलाडेल्फियाला परतले होते आणि त्यांचा ग्रंथसंग्रह मोठा होता. म्हाताऱ्या माणसांना शिडी चढताना चक्कर येते, सांधे पूर्वीसारखे साथ देत नाहीत, शिवाय प्रत्येक पुस्तकासाठी शिडी सरकवत बसावे लागते, अशी कारणे त्यांनी टिपणात स्पष्ट नोंदवली आहेत. वीज आणि आकाश यांचा शोध घेणाऱ्या माणसाने म्हातारपणाच्या या बारीक अडचणीलाही तितक्याच गांभीर्याने हात घातला, हे मुद्दाम सांगण्यासारखे आहे.

‘लाँग आर्म’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या अवजाराचा दांडा पाइनच्या लाकडाचा, एक इंच चौरस आणि आठ फूट लांब. त्याच्या टोकाला दोन समोरासमोरच्या बाजूंवर ॲश लाकडाच्या दीड इंच रुंद, पाव इंच जाड अशा लवचीक पट्ट्या स्क्रूने बसवलेल्या. एक ‘अंगठा’, दुसरे ‘बोट’. बोट अंगठ्यापेक्षा दीड इंच पुढे आलेले. दोन्हींची टोके बाहेरून तासून पातळ केलेली, म्हणजे ती खेटून उभ्या पुस्तकांमध्ये शिरतात. दोन्ही पट्ट्यांना भोके पाडून त्यांतून दोरी ओवलेली. तिच्या खालच्या टोकाला हात घालण्यापुरता फासा आणि दर तीन-चार इंचांवर एकेक गाठ.

पट्ट्यांच्या लांबीतला फरक इथे कामी येतो. आधी लांब बोट हव्या त्या पुस्तकाच्या एका बाजूला सारायचे. मग पट्टी किंचित दाबून किंवा दोरी ओढून अंतर पुस्तकाच्या जाडीइतके करायचे आणि अंगठा दुसऱ्या बाजूने आत घालायचा. दोन्ही टोके एकदम घुसवायची असती तर नेम साधलाच नसता. पुस्तकाचा कणा दोरीला टेकला की दोरी ताणायची. पट्ट्या पुस्तक घट्ट आवळतात. पुस्तक बाहेर येत असताना दांडा पाव वळसा फिरवायचा, म्हणजे ते खालच्या पट्टीवर आडवे विसावते. मग गाठींचा आधार घेत, दोरी ढिली पडू न देता, हातावर हात टाकत दांडा खाली घ्यायचा. वाचून झाले की याच अवजाराने पुस्तक परत जागेवर ठेवता येते. मर्यादाही फ्रँकलिन यांनी लपवली नाही: लहान आणि मध्यम आकाराची पुस्तके निघतात, मोठे ग्रंथ पेलत नाहीत, पण ते एरवीही खालच्या फळ्यांवर हाताशीच असतात. १७८७ मध्ये त्यांना भेटायला आलेल्या मनासे कटलर यांनी आपल्या रोजनिशीत या कृत्रिम हाताची नोंद केली आहे.

दुसरा प्रकार फुल्याफुल्यांच्या घडीच्या चिमट्याचा. जुन्या इमारतींतल्या लिफ्टच्या सरकत्या जाळीदार दाराचीच ही रचना. मुठी जवळ आणल्या की प्रत्येक फुली लांबते. पहिली एक सेंटिमीटर वाढली तर दहा फुल्यांचा चिमटा दहा सेंटिमीटर पुढे जातो. दिसायला हे विलक्षण आहे, पण धरण्याच्या कामात कच्चे. चिमटा लांब होणे आणि त्याचा जबडा मिटणे या दोन्ही गोष्टी एकाच हालचालीत घडत असल्याने ठरावीक रुंदीची वस्तू ठरावीक अंतरावरच पकडता येते. पकडल्यावर चिमटा आखडून घ्यावा तर जबडा उघडतो. सगळा चिमटाच हाताने मागे घ्यावा लागतो. त्यात प्रत्येक खिळीतली ढिलाई साठत जाते आणि टोक डगमगते.

अमेरिकेतल्या जुन्या किराणा दुकानांनी म्हणूनच सरळ दांड्याचा चिमटा पसंत केला. माल छतापर्यंतच्या फळ्यांवर असे आणि गिऱ्हाइकाला तो दुकानदारच काढून देई. १९१६ मध्ये मेम्फिसला ‘पिगली विगली’ हे गिऱ्हाइकाने स्वतः माल उचलण्याचे दुकान सुरू झाले. ही पद्धत पसरली तसा माल हाताच्या उंचीवर आला आणि चिमट्याचे काम संपत गेले.

कोकणातल्या आंबा काढण्याच्या झेल्यापुढे प्रश्न वेगळा. तिथे फळ धरायचे नसते, देठासकट कापून जाळीत झेलायचे असते. देठ तुटला तर चीक सालीवर ओघळून डाग पडतात. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाचा ‘नूतन झेला’ नेमका याचसाठी पाते आणि जाळी एकत्र आणतो.

आजचा ॲल्युमिनियमचा चिमटा फ्रँकलिन यांच्याच वळणाचा आहे: दोरीच्या जागी नळीतली तार, फाशाच्या जागी खटका, टोकांना रबर. खुब्याचा सांधा बदललेल्यांना सुरुवातीला फार वाकू नका असे सांगतात, तेव्हा जमिनीवरचा मोजा किंवा चप्पल उचलायला तो फार उपयोगी पडतो. घरात वयस्कर माणसे असतील तर स्टुलाच्या आधी हा चिमटा आणावा, आणि जड डबे व काचेच्या बरण्या कमरेच्या उंचीवर उतरवून ठेवाव्यात.