मोटारसायकलचा नाद आणि गावचा रस्ता

एकेकाळी राजदूत किंवा बुलेट गावात एखाद्याच्याच दारात दिसे. १९८५ साली हिरो होंडाची सीडी १०० आली. थोड्या पेट्रोलात लांब जाणारी गाडी मिळाली आणि हळूहळू दुधाचे कॅन, बी-बियाणे, फवारणीचा पंप सगळे मोटारसायकलवर आले. अशा घरातल्या पोराला गाडीचा नाद लागला तर नवल नाही.

नाद वाईट नाही, जागा चुकते. सी. एस. संतोष हा २०१५ मध्ये डकार रॅलीत उतरलेला पहिला भारतीय मोटारसायकलस्वार. हेल्मेट, संरक्षक पोशाख, मदतीला वैद्यकीय पथक, एवढे असूनही २०२१ च्या डकारमध्ये त्याच्या डोक्याला गंभीर मार बसला. मग विना हेल्मेट, तिघे बसून, उसाच्या ट्रॉल्यांमधून पैजा मारणाऱ्या पोरांचे काय? वेग दुप्पट झाला की ब्रेक दाबल्यावर गाडी थांबायला सुमारे चौपट अंतर लागते. रात्री रिफ्लेक्टर नसलेली ट्रॉली दिसेपर्यंत वेळ निघून गेलेली असते.

कायदाही कडक आहे. २०१९ च्या दुरुस्तीनुसार अल्पवयीन मुलाने गाडी चालवून गुन्हा केल्यास पालक किंवा गाडीमालकाला तीन वर्षांपर्यंत कैद व २५ हजार रुपये दंड होऊ शकतो.

सरपंच व ग्रामपंचायत अधिकाऱ्यांनी गाळप हंगामापूर्वी हा विषय ग्रामसभेत घ्यावा. ट्रॉलीवाल्यांनी मागे रिफ्लेक्टर लावावेत. आणि घरच्यांनी लायसन्स व हेल्मेट बघूनच पोराच्या हातात किल्ली द्यावी.