धूर कधी येतो?

मुलांनो, गेल्या महिन्यात मधल्या सुट्टीत आमच्या चौथीतला एक मुलगा माझ्यापाशी येऊन उभा राहिला. तोंड एवढंसं झालेलं. "बाई, आमची गाडी ऑईल खाते. निळा धूर मारते. गॅरेजवाले म्हणतात, इंजिन उतरवायला लागेल."

त्याचे बाबा पेट्रोल गाडीतून निगडीतली मुलं शाळेत सोडतात. इंजिन उतरवायचं म्हणजे आठवडाभर गाडी बंद आणि खर्च दोन महिन्यांच्या कमाईएवढा!

आता पिंपरी-चिंचवडात घरटी एक फिटर निघतो. आमच्या शेजारच्या काकांचा तर जन्म इंजिनं जोडण्यात गेला. बापलेकांना मी त्यांच्याकडे नेलं. काकांनी बॉनेटला हातसुद्धा लावला नाही. मुलालाच विचारलं, "धूर कधी येतो रे?"

असं का विचारलं, सांगते. काळा धूर म्हणजे पेट्रोल जास्त, हवा कमी. थंडीतल्या सकाळी पांढरी वाफ येते, तिला घाबरू नका. पण इंजिन तापल्यावरही पांढराच धूर येत राहिला, तर रेडिएटरचं पाणी आत शिरत असेल. आणि निळा म्हणजे ऑईल जळतंय. (जुन्या टू-स्ट्रोक स्कूटरची गोष्ट वेगळी. आकुर्डीच्या बजाजची १९७२ साली आलेली चेतक निळसर धूर सोडायची. तिच्यात ऑईल पेट्रोलमध्ये मिसळूनच जाळायचं असे.)

हे ऑईल आत येतं कुठून? सायकलच्या पंपाचा वायसर झिजला की हवा मागे निसटते ना? इंजिनातल्या पिस्टनला वायसरऐवजी धातूच्या रिंगा असतात. त्या झिजल्या की खालचं ऑईल वर चढतं. मग चढावर, ओझं असताना, धूर येतच राहतो.

दुसरी वाट वरून. व्हॉल्व्हच्या दांडीवर रबरी टोपीसारखं सील असतं. ते कडक झालं की रात्रभर ऑईल थेंब थेंब झिरपतं. सकाळी स्टार्टर मारला की भसकन धूर, मग साफ! घाट उतरताना ॲक्सिलरेटरवरचा पाय काढलेला असतो. हवेची वाट जवळजवळ बंद, मग इंजिन सीलजवळून ऑईलच ओढतं. खाली येऊन पाय दिला की निळा ढग.

"आजोबा, सकाळीच येतो," मुलगा म्हणाला. "आणि खोपोलीला मावशीकडे गेलो ना, तेव्हा बोरघाट उतरल्यावर आला. मी मागच्या काचेतून बघत होतो!" बाबांना हे ठाऊकच नव्हतं. ते बिचारे समोर बघत होते.

तरी काकांनी अंदाजावर काम केलं नाही. ओळखीच्या मिस्त्रीकडे प्लग काढून, त्या भोकात कॉम्प्रेशन गेज लावला. चारही सिलिंडरचे आकडे चांगले, जवळपास सारखे. मग चमचा चमचा ऑईल ओतून पुन्हा मोजलं. रिंगा झिजल्या असत्या, तर ऑईलनं फट बुजून आकडा बराच चढला असता. तो चढला नाही. मिस्त्रीनं सीलं बदलली, इंजिन जागच्या जागी! दोन दिवसांत गाडी पुन्हा शाळेच्या दारात.

तुम्ही मात्र धूर बघायला नाक नळीशी नेऊ नका हं. त्यात कार्बन मोनॉक्साईड असतो. तो विषारी, त्याला ना रंग, ना वास.

काकांनी मुलाला एक काम दिलंय. दर रविवारी सपाट जागी, इंजिन बंद करून दहा मिनिटांनी, बाबांसोबत डिपस्टिक बघायची आणि किलोमीटरसह लिहून ठेवायचं. रात्री गाडीखाली पुठ्ठा ठेवायचा, कारण कमी झालेलं ऑईल जळलंच असेल असं नाही, गळतही असेल. पुठ्ठा अजून कोरा आहे. नोंदी गणिताच्या वहीच्या मागच्या पानावर सापडल्या. मी रागावले नाही.