यंत्र विकण्यापूर्वी टाकी विचारा

22 सप्टेंबर 2025 पासून भांडी धुण्याच्या यंत्रावरील, म्हणजे डिशवॉशरवरील जीएसटी 28 टक्क्यांवरून 18 टक्क्यांवर आला. 2020 च्या टाळेबंदीत कामवाल्या बायांचे येणे बंद झाले तेव्हापासून या यंत्राचा खप वाढला होता. आता कर घटल्यामुळे साधारण उत्पन्नाची घरेही त्याचा विचार करू लागली आहेत. रमजानमध्ये इफ्तार आणि सहेरीची भांडी घासता घासता ज्यांची इबादतीची वेळ निघून जाते, त्या माता-भगिनींचे काम यामुळे हलके होत असेल तर त्याचे स्वागतच केले पाहिजे.

परंतु या यंत्राबद्दल एक तक्रार नागपुरात वारंवार ऐकू येते. यंत्र घरी आले, बटण दाबले, थोडा वेळ घरघर झाली आणि नळाची खूण लुकलुकू लागली. यंत्र पाणीच घेत नाही! गिऱ्हाईक म्हणते माल खराब दिला. दुकानदार म्हणतो कंपनीला फोन करा. कंपनीचा कारागीर येतो आणि सांगतो की यंत्रात काहीच दोष नाही, तुमच्या नळाला जोर नाही. तिघांच्या भांडणात हजारो रुपयांची वस्तू ओट्याखाली पडून राहते.

कारण सोपे आहे. यंत्रात पाणी ओढून घेणारा पंप नसतो. पाणी घेण्याचा विजेवर चालणारा व्हॉल्व्ह उघडतो आणि नळातील पाणी स्वतःच्या दाबाने आत येते. त्यासाठी मॉडेलप्रमाणे साधारण 0.3 ते 0.5 बार इतका तरी दाब लागतो. 10 मीटर उंचीवरील पाण्याचा दाब सुमारे 1 बार असतो. म्हणजे टाकीतील पाणी नळापेक्षा 3 मीटर उंच असेल तर दाब जेमतेम 0.3 बार भरेल, आणि जुन्या गंजलेल्या पाइपात, वळणावळणात त्यातलाही काही जाईल. म्हणूनच एकाच इमारतीत तळमजल्यावर जे यंत्र बिनतक्रार चालते, तेच गच्चीखालच्या मजल्यावर अडून बसते.

नागपूर महानगरपालिकेने 2012 साली शहराचा पाणीपुरवठा चोवीस तास करण्याच्या उद्देशाने 25 वर्षांच्या कराराने खाजगी कंपनीकडे सोपविला. पेंच आणि कन्हानचे पाणी शहराला मिळते. तरीही बहुतेक घरांत ते आधी टाकीत चढते आणि मग नळाला येते. तेव्हा मुख्य लाइनचा जोर कितीही असो, यंत्राच्या वाट्याला टाकीच्या उंचीचाच जोर येतो.

कारागिराला बोलावण्यापूर्वी घरच्या घरी चार गोष्टी पाहता येतात. नळ पूर्ण उघडा आहे काय? रबरी नळी कुठे दुमडली आहे काय? नळ बंद करून नळी यंत्राकडून सोडवावी आणि तिथली बारीक जाळी धुवावी. टाकीतला गाळ आणि बोअरच्या खाऱ्या पाण्याचा चुना तिथेच अडकतो. मग नळीचे तोंड बादलीत धरून एक मिनिट पाणी सोडावे. काही कंपन्या मिनिटाला किमान 10 लिटर धार मागतात. बादली भरली तरी यंत्र पाणी घेत नसेल, तर तळाशी गळती होऊन सुरक्षेचा फ्लोट उचलला गेला असेल किंवा व्हॉल्व्ह बिघडला असेल. तिथे मात्र कारागीरच हवा.

दाब कमी असल्यास टाकीनंतर लहान प्रेशर पंप बसवावा किंवा टाकीच उंच करावी. नळाच्या लाइनला थेट टुल्लू पंप लावणे हा इलाज नव्हे. ते नियमाविरुद्ध आहे आणि शेजाऱ्याच्या हक्काचे पाणी ओढणे आहे.

आता मुख्य मुद्दा. हे सारे दुकानदाराला ठाऊक असते. निदान असायला हवे. मग विकताना तो का विचारत नाही? काही जण सांगतात की एवढे विचारत बसलो तर गिऱ्हाईक ऑनलाइन मागवील. माझे मत नेमके उलट आहे. ऑनलाइनवाला स्वस्त देईल, पण तुमची टाकी किती उंच आहे हे तो विचारणार नाही. जवळच्या दुकानदाराकडे तेवढेच तर भांडवल उरले आहे. आमच्या कापडाच्या धंद्यात सुती थान कापताना सांगावे लागते की हे पहिल्या धुण्यात आटेल, अर्धा मीटर जास्त घ्या. न सांगता विकले तर त्या दिवसाची विक्री होते, पण ईदला ते घर दुसऱ्या दुकानात जाते.

हजरत मुहम्मद पैगंबर (स.) यांनी धान्याच्या ढिगात हात घालून आतला ओलावा दाखविला, आणि भिजलेले धान्य वर का ठेवले नाही असे व्यापाऱ्याला विचारले, ही हदीस आपण सर्वांनी ऐकली आहे. यंत्र भिजलेले धान्य नव्हे, हे खरे. पण या घरात ते चालणार नाही हे माहीत असून गप्प राहणे त्याहून फार दूर नाही. कायदाही गप्प बसत नाही. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्याने आवश्यक माहिती जाणूनबुजून दडविणे ही सेवेतील त्रुटी मानली आहे, आणि 5 लाखांपर्यंतच्या खरेदीच्या तक्रारीला जिल्हा आयोगात शुल्क नाही.

म्हणून विक्रेत्या बंधूंना विनंती आहे. बिल फाडण्यापूर्वी चार प्रश्न विचारा: घर कोणत्या मजल्यावर, टाकी नळापासून किती उंच, पाणी नळाचे की बोअरचे, ओट्याजवळ स्वतंत्र नळ आहे काय. उत्तरे बिलाच्या मागे लिहून ठेवा. पंप लागणार असेल तर त्याची किंमत आधीच सांगा. दहातले एखादे गिऱ्हाईक परत जाईल. उरलेले नऊ आपल्या शेजाऱ्यांना घेऊन येतील, आणि तिजारतीत बरकत म्हणतात ती हीच.