जेकबच्या नावाचा कायदा आणि जेकबचा मारेकरी

१/ २२ ऑक्टोबर १९८९, रविवारची रात्र. अमेरिकेच्या मिनेसोटा राज्यातील सेंट जोसेफ या लहानशा गावात तीन मुले दुकानातून व्हिडिओ कॅसेट घेऊन घरी परतत होती. अकरा वर्षांचा जेकब वेटरलिंग, त्याचा धाकटा भाऊ आणि एक मित्र. घर फारसे दूर नव्हते. तेवढ्यात अंधारातून तोंड झाकलेला एक माणूस पुढे आला. त्याच्या हातात पिस्तूल होते.

२/ त्याने मुलांना रस्त्याकडेच्या चरात पालथे झोपायला लावले आणि त्यांची वये विचारली. आधी भावाला आणि मग मित्राला त्याने रानाकडे पळायला सांगितले. मागे वळून पाहाल तर गोळी घालीन, अशी धमकी दिली. दोघांनी धीर करून मागे पाहिले तेव्हा रस्ता रिकामा होता. जेकबचे पुढे काय झाले, हे कळायला जवळजवळ सत्तावीस वर्षे लागली.

३/ या घटनेतून अमेरिकेचा एक देशव्यापी कायदा जन्मला आणि त्याला जेकबचेच नाव मिळाले. सत्य उजेडात आले तेव्हा मात्र एक अस्वस्थ करणारी गोष्ट उघड झाली. हा कायदा १९८९ मध्ये अस्तित्वात असता, तरी त्याने जेकबचा मारेकरी सापडला नसता. कठोर कायद्याची मागणी जेव्हा जेव्हा होते, तेव्हा हा इतिहास आठवावा असा आहे.

४/ जेकबच्या आईचे नाव पॅटी वेटरलिंग. तपास सुरू झाल्यावर त्यांना कळले की, परिसरात लैंगिक गुन्ह्यांसाठी शिक्षा भोगलेले लोक कोण आणि ते कुठे राहतात, याची एकत्रित यादीच पोलिसांकडे नाही. चौकशी कोणापासून सुरू करायची, हा प्रश्न पहिल्याच रात्री उभा राहिला होता. अशी यादी असावी, ही त्यांची मागणी सर्वथा रास्त होती. त्यांनी ती चिकाटीने लावून धरली.

५/ मिनेसोटाने १९९१ मध्ये अशी नोंदणी सुरू केली. १९९४ मध्ये अमेरिकी संसदेने मोठा गुन्हेगारीविरोधी कायदा संमत केला. जेकब वेटरलिंग कायदा त्याचाच एक भाग होता. बालकांविरुद्धच्या आणि हिंसक लैंगिक गुन्ह्यांतील दोषींची नोंदवही प्रत्येक राज्याने ठेवावी, असे त्यात म्हटले होते. ही नोंदवही मुख्यतः पोलिसांसाठी होती. ती चव्हाट्यावर मांडावी, हा मूळ हेतू नव्हता.

६/ ते चित्र त्याच वर्षी पालटले. जुलै १९९४ मध्ये न्यू जर्सीत मेगन कांका या सात वर्षांच्या मुलीची हत्या झाली. मारेकरी समोरच्याच घरात राहत होता. बालकांवरील अत्याचारासाठी त्याला पूर्वी दोनदा शिक्षा झाली होती आणि मेगनच्या आईवडिलांना त्याची गंधवार्ताही नव्हती. शेजारी कोण राहतो हे आम्हाला का सांगितले नाही, या त्यांच्या प्रश्नाला कोणाकडेही उत्तर नव्हते.

७/ अवघ्या तीन महिन्यांत न्यू जर्सीने कायदा केला आणि मे १९९६ मध्ये तो देशभर लागू झाला. पोलिसांच्या दप्तरातील यादी आता लोकांसाठी खुली झाली. २००६ मध्ये ॲडम वॉल्श कायदा आला. १९८१ मध्ये फ्लोरिडातील एका दुकानातून पळवून नेऊन मारल्या गेलेल्या सहा वर्षांच्या मुलाचे हे नाव. त्याने गुन्हेगारांचे तीन स्तर पाडले. नोंदणी पंधरा वर्षे, पंचवीस वर्षे किंवा आजन्म. काही गंभीर गुन्ह्यांत चौदा वर्षांवरील मुलेही या यादीत आली.

८/ या कायद्यांच्या नावांकडे नीट पाहावे. प्रत्येक नाव एका मृत बालकाचे आहे. अशा नावाच्या विधेयकाला विरोध करणे म्हणजे त्या बालकालाच नाकारणे, असे वातावरण आपोआप तयार होते. मग हे कलम काय साधेल, ते कोणाला लागू होईल, त्याचा उपयोग झाला की नाही हे कसे मोजायचे, हे प्रश्न कोणी विचारत नाही. ते विचारणारा निष्ठुर ठरतो.

९/ परिणाम असा झाला की यादी फुगत गेली. आज तीत सात लाखांहून अधिक नावे आहेत. अनेक ठिकाणी शाळा आणि उद्यानांपासून ठरावीक अंतराच्या आत राहण्यास या लोकांना बंदी झाली. मायामी परिसरात हे अंतर २,५०० फूट ठरले. घर मिळण्याजोगी जागाच उरली नाही, तेव्हा डझनावारी नोंदणीकृत गुन्हेगार कित्येक महिने खाडीवरच्या एका पुलाखाली राहिले. ज्यांचा ठावठिकाणा ठेवण्यासाठी कायदा होता, त्यांनाच कायद्याने बेपत्ता केले.

१०/ तरीही मुले सुरक्षित होत असतील तर ही किंमत मोजता येईल, असे कोणी म्हणेल. न्यू जर्सीत, म्हणजे मेगनच्याच राज्यात, या कायद्याच्या परिणामाचा सरकारी अर्थसाहाय्याने अभ्यास झाला. त्याचा अहवाल २००८ चा. सुटून आलेल्या गुन्हेगारांनी पुन्हा लैंगिक गुन्हा करण्याचे प्रमाण या कायद्यामुळे घटल्याचे त्यात आढळले नाही.

११/ याचे कारण गूढ नाही. पोलिसांकडे आलेल्या प्रकरणांची अमेरिकेच्या न्याय विभागाने २००० मध्ये प्रसिद्ध केलेली आकडेवारी सांगते की, लैंगिक अत्याचाराला बळी पडलेल्या अल्पवयीनांपैकी सुमारे ९३ टक्के मुलांना अत्याचारी ओळखीचा होता. नातलग, शेजारी, कुटुंबाचा स्नेही. झाडीतून निघणारा अनोळखी राक्षस दुर्मीळ असतो. कायद्यांची रचना मात्र त्याच राक्षसाला समोर ठेवून झाली.

१२/ आता पुन्हा जेकबकडे. जानेवारी १९८९ मध्ये, म्हणजे अपहरणाच्या नऊ महिने आधी, जवळच्याच कोल्ड स्प्रिंग गावात बारा वर्षांच्या एका मुलाला गाडीत कोंबून नेऊन त्याच्यावर अत्याचार झाला होता. सोडताना त्यालाही तीच धमकी मिळाली होती. पळ, मागे पाहिलेस तर गोळी घालीन. त्याआधी १९८६ ते १९८८ या काळात पेन्सव्हिल गावात तोंड झाकलेल्या माणसाने अनेक मुलांवर हल्ले केले होते. मुलांनी ते सांगितलेही होते.

१३/ पेन्सव्हिलचा रहिवासी डॅनी हाइनरिक पोलिसांच्या नजरेतून निसटला नव्हता. अपहरणानंतर काही आठवड्यांतच त्याची चौकशी झाली. त्याच्या बुटांचे आणि गाडीच्या टायरांचे ठसे घटनास्थळीच्या ठशांशी मिळतेजुळते निघाले, पण तेवढ्याने निर्णायक पुरावा होत नव्हता. १९९० च्या फेब्रुवारीत कोल्ड स्प्रिंग प्रकरणी त्याला अटक झाली आणि तो सुटला. पुढे पंचवीस वर्षे तो त्याच भागात मोकळा राहिला.

१४/ लैंगिक गुन्ह्यासाठी त्याला तोवर कधीही शिक्षा झालेली नव्हती. म्हणून तो कोणत्याही यादीत नसता, ती कितीही लांब असती तरी. यादीत फक्त सिद्धदोष माणसाचे नाव येते. जो पकडला गेला नाही, किंवा पकडून सोडला गेला, तो तिला दिसत नाही. दरम्यान २०१० मध्ये तपासयंत्रणेने जेकबच्या एका निरपराध शेजाऱ्यावर जाहीर संशय घेतला आणि त्याचे शेत खोदून काढले.

१५/ कोंडी फुटली ती वेगळ्याच वाटेने. कोल्ड स्प्रिंगचा तो मुलगा आता प्रौढ झाला होता. जॉय बेकर या ब्लॉगलेखिकेसह त्याने पेन्सव्हिलची विस्मृत प्रकरणे पुन्हा पुढे आणली. त्याच्या अंगावरचा स्वेटशर्ट पोलिसांनी जपून ठेवला होता. २०१५ मध्ये त्यावरील डीएनए हाइनरिकशी जुळला. लाखो नावांच्या यादीने जे केले नाही, ते एका जपलेल्या कपड्याने केले.

१६/ तोवर कोल्ड स्प्रिंगच्या गुन्ह्यावर खटला भरण्याची मुदत उलटून गेली होती. अखेर बालकांच्या अश्लील चित्रांच्या आरोपात हाइनरिक अडकला. सप्टेंबर २०१६ मध्ये त्याने जेकबचे अवशेष दाखवले आणि न्यायालयात कबुली दिली की, त्याच रात्री त्याने जेकबला गोळी घातली होती. या कबुलीच्या बदल्यात हत्येचा खटला भरला गेला नाही. शिक्षा झाली ती चित्रांसाठी, वीस वर्षांची. २०१८ मध्ये तपासाचे दप्तर खुले करताना नव्या शेरीफनेच जुन्या तपासातील चुका जाहीरपणे मांडल्या.

१७/ ज्या आईने नोंदवहीसाठी आपले आयुष्य वेचले, तिनेच पुढे या कायद्यांच्या पसाऱ्यावर शंका घेतली. अल्पवयीनांना आजन्म यादीत टाकणे, शिक्षा भोगलेल्याला घर आणि रोजगार नाकारणे, यांनी मुले सुरक्षित होत नाहीत, असे पॅटी वेटरलिंग उघडपणे सांगू लागल्या. शोकाच्या भरात मागितलेली गोष्ट पुराव्यापुढे पुन्हा तपासून पाहणे सोपे नसते. हे करण्याचा त्यांच्याइतका अधिकार दुसऱ्या कोणाला असणार?

१८/ भारतातही २०१८ पासून लैंगिक गुन्हेगारांची राष्ट्रीय नोंदवही आहे. आरंभी तीत चार लाख चाळीस हजारांहून अधिक नोंदी होत्या. ती केवळ तपासयंत्रणांना पाहता येते आणि हा निर्णय सुज्ञपणाचा आहे. ती सर्वांसाठी खुली करा, ही मागणी प्रत्येक भीषण घटनेनंतर डोके वर काढते. ती मान्य करण्यापूर्वी मायामीच्या त्या पुलाची आठवण ठेवायला हवी.

१९/ महाराष्ट्र विधिमंडळाने डिसेंबर २०२१ मध्ये मृत्युदंडाची तरतूद असलेले शक्ती विधेयक संमत केले. राष्ट्रपतींची संमती न मिळाल्याने तो कायदा झाला नाही. ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापुरात दोन चिमुरड्यांवर अत्याचार झाले, तेव्हा संतप्त जमावाने रेल्वे रोखून फाशीची मागणी केली. उच्च न्यायालयाने मात्र बोट ठेवले ते गुन्हा नोंदवण्यात झालेल्या दिरंगाईवर. पोक्सो तेव्हा बारा वर्षांचा जुना कायदा होता. उणीव होती ती तक्रार वेळेवर लिहून घेण्याची.

२०/ कठोर शिक्षेची मागणी चूक नाही. ती अपुरी आहे. तिच्याआधी काही साध्या मागण्या आहेत. मुलाची पहिली तक्रार त्याच दिवशी नोंदवावी. शेजारच्या ठाण्यातील तशाच तक्रारीशी ती जोडून पाहावी. पुरावा वर्षानुवर्षे जपावा. बालकांवरील अत्याचाराला मुदतीची पळवाट ठेवू नये. यांतल्या कोणत्याही मागणीला कुणा मुलाचे नाव देता येत नाही, म्हणून त्यांच्यासाठी कोणी रस्त्यावर उतरत नाही.

२१/ पेन्सव्हिलच्या मुलांनी १९८६ पासून जे सांगितले ते वेळीच गांभीर्याने एकत्र मांडले गेले असते, तर कदाचित जेकबच्या नावाचा कायदा करण्याची वेळच आली नसती. (समाप्त)