खाटेवरची खूण

१९८९ साली गोव्यात डॉमिनिक डिसूझा या रक्तदात्याला, रक्तात एचआयव्ही आढळला एवढ्याच कारणावरून, सरकारने ६४ दिवस सक्तीच्या एकांतवासात ठेवले. आज तसा कायदा नाही. उलट, २०१७ साली संमत होऊन २०१८ मध्ये अमलात आलेल्या कायद्याने बाधितांना उपचार नाकारणे बेकायदा ठरविले आणि त्यांच्या आजाराची वाच्यता करण्यावर बंधने घातली. परंतु राजपत्रात छापलेला कायदा वॉर्डापर्यंत पोचतोच असे नाही. केसपेपरवर वा खाटेवर खूण करून बाधिताला वेगळे पाडण्याची रीत अद्याप पुरती गेलेली नाही.

याचे सारे खापर परिचारिकेच्या माथी फोडणे आम्हांस मान्य नाही. तिला काय शिकविले गेले, हे आधी विचारले पाहिजे. बाधिताला वापरलेली सुई टोचल्यास एचआयव्हीची लागण होण्याचा संभव हजारात सुमारे तीन असतो. ७२ तासांच्या आत, शक्य तितक्या लवकर, औषध सुरू करून ते २८ दिवस घेतल्यास तोही पुष्कळच घटतो. हे जिला ठाऊक नाही, ती भिणारच.

खाटेवरची खूण तर परिचारिकेचाही घात करते. ज्याची तपासणीच झालेली नाही, अशा बाधिताच्या खाटेवर खूण नसते आणि तेथे ती निर्धास्त होते. म्हणून रक्ताशी संबंध येताना प्रत्येक रुग्णाच्या बाबतीत सारखीच दक्षता घ्यावयाची, हा शास्त्राचा नियम आहे. समतेचा आग्रहही तोच आहे.

हा नियम परीक्षेपुरता पाठ करून भागणार नाही. विद्यार्थिनींनी अनुभवी परिचारिकेसोबत बाधितांची शुश्रूषा करावी. इच्छुक बाधितांनी वर्गात येऊन आपले अनुभव सांगावेत. माणूस समोर बसून बोलू लागला की भीतीची जागा ओळख घेते.

मात्र जेथे हातमोजे पुरत नाहीत आणि कंत्राटी परिचारिकेला दुप्पट खाटा सांभाळाव्या लागतात, तेथे तिला करुणेचे धडे देणे ही वंचना ठरेल. संरक्षक साधने, त्यांच्या वापराचे प्रशिक्षण व सुई टोचल्यानंतरची औषधे पुरविणे हे याच कायद्याने रुग्णालयांचे कर्तव्य ठरविले आहे. कार्यकर्त्यांनी आपापल्या तालुक्यात त्याचा जाब विचारावा. परिचारिकेची सुरक्षितता आणि रुग्णाची प्रतिष्ठा या दोन्ही गोष्टी एकाच मागणीपत्रात लिहिल्या गेल्या पाहिजेत.